वाचकांचे प्रश्न : आकडा उतरला, पण कोणाच्या हाताने?

गेल्या अंकात थॅलेसेमियाविषयी लिहिल्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे प्रत्यारोपण उरकून घरी परतलेल्या मुलांच्या पालकांची आहेत आणि त्यांचा रोख एकाच गोष्टीवर आहे : रक्ताच्या अहवालातले विषाणूंचे आकडे. मी स्वतः प्रत्यारोपण करीत नाही. मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूला प्रत्यारोपण झालेली कोल्हापूर परिसरातली मुले पुढच्या तपासण्यांसाठी माझ्याकडे येतात आणि तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांच्यावर लक्ष ठेवणे एवढेच माझे काम असते. त्यामुळे खालील उत्तरे वाचून कोणी औषध वाढवू किंवा थांबवू नये. आपल्या डॉक्टरांना नेमके काय विचारायचे, हे कळावे यासाठी ती आहेत.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या मुलीला थॅलेसेमिया मेजर होता. तिला सख्खे भावंड नाही, म्हणून माझ्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी देऊन मुंबईत तिचे स्टेम सेल प्रत्यारोपण झाले. आज बहात्तरावा दिवस आहे. पांढऱ्या पेशी चौथ्या आठवड्यातच वर आल्या, तरीही दर आठवड्याला सीएमव्ही (सायटोमेगॅलोव्हायरस) या विषाणूची पीसीआर तपासणी करावी लागते. आकडा ४८० वरून ३,९०० झाल्यावर गॅनसायक्लोविर सुरू केले, तर पुढच्या आठवड्यात तो ५,२०० आला. औषध लागू पडत नाही, असे समजायचे का? पालकांच्या एका व्हॉट्सॲप गटावर टीटीव्ही नावाच्या विषाणूची तपासणी केली म्हणजे प्रतिकारशक्ती किती आली ते कळते, असे वाचले. ती करून घ्यावी का?
– एक वडील, राजारामपुरी

उत्तर : आधी पांढऱ्या पेशींविषयी, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. वॉर्डात ‘काउंट आले’ असे म्हणतात तेव्हा न्यूट्रोफिल पेशी सलग तीन दिवस ५०० च्या वर राहिल्या, म्हणजे दात्याच्या पेशी रुजल्या, एवढाच त्याचा अर्थ असतो. न्यूट्रोफिल जिवाणूंशी आणि बुरशीशी लढतात. शरीरात दडलेल्या विषाणूंचा बंदोबस्त करणे हे त्यांचे काम नाही. ते काम लिम्फोसाइट पेशींचे, त्यातही मुख्यतः टी पेशींचे आहे, आणि टी पेशी इतक्या लवकर येत नाहीत. त्या दोन वाटांनी येतात. दात्याच्या पिशवीतून आलेल्या थोड्या तयार टी पेशी मुलाच्या शरीरात वाढत जातात, ही पहिली वाट जवळची असली तरी अपुरी आहे. दुसरी वाट लांबची : नव्या मूळपेशींपासून निघालेल्या कोवळ्या पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत जाऊन तिथे घडतात आणि मग रक्तात उतरतात, आणि याला काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो. मोठ्या माणसांत ही ग्रंथी आक्रसलेली असते, मुलांत ती अजून कामाची असते, हा लहान वयाचा मोठा फायदा आहे. आपल्या मुलीच्या बाबतीत एक अडचण जास्तीची आहे. अर्ध्या जुळणीच्या प्रत्यारोपणात दात्याच्या पेशी मुलाच्या त्वचेवर, आतड्यांवर आणि यकृतावर उलटू नयेत म्हणून त्यातल्या टी पेशी एकतर आधीच गाळून काढतात, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन आक्रमक पेशी मारतात. हा उलटा हल्ला, म्हणजेच जीव्हीएचडी, टळावा म्हणून केलेल्या या उपायात विषाणूंवरचा पहाराही काही काळ सैल पडतो.

सीएमव्ही बाहेरून आलेला नाही, हे आपण पत्रात गृहीत धरलेले दिसत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. आपल्या देशात बहुतेक सर्वांना हा विषाणू लहानपणीच, आईच्या दुधातून किंवा मुलामुलांच्या लाळेतून, होऊन गेलेला असतो आणि एकदा शिरला की तो जन्मभर शरीरात निपचित पडून राहतो. निरोगी माणसाच्या टी पेशींचा लक्षणीय हिस्सा केवळ त्याच्यावर नजर ठेवण्यात खर्च होतो. प्रत्यारोपणाआधीच्या केमोथेरपीने हा पहारा उठतो आणि विषाणू जागा होतो. म्हणून दर आठवड्याच्या या तपासणीचे दोन उपयोग आहेत. पहिला सर्वांना ठाऊक असतो : फुप्फुस, आतडे किंवा डोळ्याचा पडदा बिघडण्यापूर्वी, रक्तात आकडा चढू लागताच औषध सुरू करणे. दुसरा उपयोग तितकाच मोलाचा असूनही पालकांना सहसा कोणी समजावून सांगत नाही. रक्तातला विषाणू ही नव्या टी पेशींची चालू परीक्षा असते.

सीडी४ या प्रकारच्या टी पेशींची मोजणी करून हेच कळत नाही का, असे कोणी विचारेल. थोडे कळते. पहिल्या १०० दिवसांत सीडी४ चा आकडा ५० च्या वर स्थिरावणे हे चांगले लक्षण मानतात आणि २०० च्या वर गेल्यावर न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियापासून बचावासाठी दिलेली गोळी थांबवण्याचा विचार करता येतो. पण तालमीच्या वहीत किती नावे आहेत, यावरून खासबाग मैदानात कोण कुस्ती मारेल हे कळत नाही, तसेच हे आहे. २०० सीडी४ पेशींत सीएमव्ही ओळखणाऱ्या किती आहेत आणि त्या कामाला लागल्या आहेत का, हे मोजणी सांगत नाही. एलिस्पॉटसारख्या तपासण्या ते सांगू शकतात, पण त्या मोजक्याच ठिकाणी होतात. विषाणूचा आकडा मात्र सगळीकडे मोजता येतो.

आता आपले ३,९०० आणि ५,२००. हे आकडे बेरीज-वजाबाकीने वाचायचे नसतात, पटीने वाचायचे असतात. दहापट फरक झाला की त्याला एक लॉग म्हणतात. एकाच नमुन्याची त्याच यंत्रावर दोनदा पीसीआर केली तरी उत्तरे थोडी वेगळी येतात, म्हणून साधारण तिपटीच्या आतला फरक खरा बदल धरत नाहीत. ४८० वरून ३,९०० ही आठपट वाढ खरी होती आणि औषध सुरू करणे योग्यच होते. ३,९०० वरून ५,२०० ही दीडपटही वाढ नाही. शिवाय गॅनसायक्लोविर सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकडा चढलेला दिसणे नवे नाही, कारण हे औषध विषाणूला नव्या प्रती काढू देत नाही, जे आधीच तयार झाले आहे आणि ज्या पेशी आधीच बाधित आहेत त्यांचा निकाल ते लावत नाही. वजनाप्रमाणे पुरेशा मात्रेत पूर्ण दोन आठवडे औषध देऊनही आकडा पटींनी वाढत राहिला, तर विषाणू औषधाला दाद देत नाही का, हे त्याच्या जनुकांच्या तपासणीने पाहतात आणि फोस्कारनेटकडे वळतात. तोवर आठवड्यातून दोनदा रक्ताची साधी तपासणी मात्र चुकवू नका, कारण गॅनसायक्लोविरने कष्टाने वर आलेले न्यूट्रोफिल पुन्हा खाली येतात. फोस्कारनेटचा दुष्परिणाम मूत्रपिंडावर आणि रक्तातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमवर होतो.

आकडा उतरेल तेव्हा आनंद करा, पण त्याच वेळी एक प्रश्न डॉक्टरांना विचारा : तो कोणाच्या हाताने उतरला? औषध चालू असताना उतरलेला आकडा औषधाचे कर्तृत्व असू शकतो. औषध बंद केल्यावर चार-सहा आठवडे तो खालीच राहिला, किंवा मध्ये दोन-तीनशेपर्यंत डोके वर काढून औषधाविना आपोआप बसला, तर ते काम आपल्या पेशींनी केले, आणि ‘आपल्या’ हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे, कारण त्या आपणच दिलेल्या आहेत. मला विचाराल तर पालकांना घाबरवणारी ही छोटी चढउतार मी सुवार्ता मानतो. याची दुसरी बाजू लेटरमोविर या औषधाच्या अनुभवातून पुढे आली. सीएमव्ही उठूच नये म्हणून द्यायच्या या औषधाला अमेरिकेत २०१७ साली मोठ्यांसाठी आणि २०२४ साली मुलांसाठी मान्यता मिळाली. ते चालू असेपर्यंत सगळे शांत असते, पण विषाणूशी गाठच न पडल्यामुळे त्याला ओळखणाऱ्या पेशी तयार व्हायला उशीर होतो आणि औषध थांबल्यानंतर काही रुग्णांत विषाणू उशिरा उठतो. औषध वाईट आहे असे नव्हे, ते अनेकांचे प्राण वाचवते. पण त्या शांततेवरून प्रतिकारशक्तीचा अंदाज बांधता येत नाही. स्टेरॉइडची मात्रा वाढवली असेल, तर आकडा पुन्हा चढण्याची तयारी ठेवावी लागते, हेही ध्यानात असू द्या.

टीटीव्हीची कल्पना नेमकी याच अडचणीतून पुढे आली आहे. हा विषाणू १९९७ साली जपानमध्ये, रक्त दिल्यानंतर कारण न सापडणारी कावीळ झालेल्या एका रुग्णाच्या रक्तात सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला टीटी म्हटले गेले. पुढे तीच अक्षरे राखून ‘टॉर्क टेनो’ असे लॅटिन वळणाचे नाव बसवण्यात आले. जेमतेम ३,८०० अक्षरांचा, वर्तुळाकार एकेरी डीएनए असलेला हा इवलासा विषाणू पुढे जगभर जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात निघाला आणि त्याच्यामुळे कोणताही आजार होतो हे सिद्ध झाले नाही. लहानपणीच तो शरीरात येतो आणि मुकाट राहतो. त्याच्यावर औषध नाही, गॅनसायक्लोविरचाही परिणाम नाही. म्हणूनच तो संशोधकांना आवडतो : त्याचा आकडा उतरला तर औषधाने उतरला ही शंका उरत नाही, प्रतिकारशक्तीच तेवढी शिल्लक राहते. मूत्रपिंड आणि फुप्फुसाच्या प्रत्यारोपणात, दाबऔषधे, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारी औषधे, जास्त झाली की टीटीव्ही चढतो आणि कमी पडली की उतरतो, असे चांगले दिसून आले आहे.

स्टेम सेल प्रत्यारोपणात मात्र गणित इतके सरळ नाही. टीटीव्ही वाढतो तो मुख्यतः लिम्फोसाइट पेशींमध्येच. केमोथेरपीने त्या पेशी संपल्या की त्याचे घरच जाते आणि आकडा कोसळतो. त्या वेळचा कमी आकडा हा उत्तम प्रतिकारशक्तीचा नसून ती अजिबात नसल्याचा पुरावा असतो. नव्या पेशी येऊ लागल्या की टीटीव्ही वाढतो, साधारण तिसऱ्या महिन्याच्या सुमारास शिखर गाठतो आणि टी पेशींची पकड बसत गेली की पुढच्या महिन्यांत हळूहळू उतरतो. म्हणजे एकच छोटा आकडा विसाव्या दिवशी एक सांगतो आणि तीनशेव्या दिवशी नेमके उलटे सांगतो. मधल्या काळात तो चढणे चांगले की वाईट, हे सोबत लिम्फोसाइट किती आहेत ते पाहिल्याविना ठरत नाही. मुलांसाठी सर्वमान्य अशी कोणतीही सीमारेषा अजून ठरलेली नाही आणि या आकड्यावरून औषध बदलण्याची शिफारस कोणी करीत नाही. संशोधनात आपल्या मुलीचा नमुना मागितला तर जरूर द्या. खिशातले पैसे घालून ही तपासणी करून घेऊ नका. तेवढ्या पैशात सीडी४ ची एक मोजणी होत असेल, तर तिचा उपयोग अधिक आहे.

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाचे ॲप्लास्टिक ॲनिमियासाठी प्रत्यारोपण झाले. दुसऱ्या महिन्यात ईबीव्ही (एपस्टाइन-बार) या विषाणूचा आकडा फार चढला म्हणून रिटुक्सिमॅबचे डोस दिले आणि तो शून्यावर आला. आता सहा महिने झाले आहेत. विषाणू शून्य आहे, मग महिन्याला लागणारे इम्युनोग्लोब्युलिनचे महागडे सलाइन का चालू आहे? शिवाय तपासणीत गोवर आणि कावीळ-बी यांच्या अँटिबॉडी चांगल्या आल्या आहेत. मधेच त्याच्या शौचात ॲडिनोव्हायरस निघाला होता, तो औषध न देता नुसता पाहत राहिले, याचेही आश्चर्य वाटले.
– एक आई, इचलकरंजी

उत्तर : वहिनी, आपल्या पत्रातल्या तिन्ही शंकांना वरचाच प्रश्न, ‘कोणाच्या हाताने?’, लागू पडतो, उत्तरे मात्र तीन वेगळी आहेत.

ईबीव्ही हा विषाणू बी पेशींत वस्ती करतो. टी पेशींचा धाक नसला, आणि आपल्या मुलाला एटीजी हे टी पेशी मारणारे औषध दिले असेल तर तो धाक विशेष कमी होतो, की बाधित बी पेशी बेसुमार वाढू लागतात आणि त्यातून लसिकाग्रंथींचा गंभीर आजार उद्भवू शकतो. रिटुक्सिमॅब विषाणूला मारत नाही. ते बी पेशींनाच संपवते, म्हणजे भाडेकरू निघत नाही म्हणून वाडाच पाडण्याचा प्रकार. वाडा नाही म्हणून आकडा शून्य झाला. मुलाच्या टी पेशींनी काही केले की नाही, हे त्या शून्यावरून कळत नाही. शिवाय बी पेशी हाच अँटिबॉडी तयार करण्याचा कारखाना आहे आणि रिटुक्सिमॅबनंतर तो सहा महिने, कधी त्याहून अधिक काळ बंद राहतो. सलाइन चालू आहे ते त्यामुळे. आपण शून्याचा दाखला देता आहात, पण तेच शून्य सलाइनची गरज का आहे हे सांगते.

गोवर आणि कावीळ-बीच्या ज्या अँटिबॉडी सापडल्या, त्या बहुधा आपल्या मुलाच्या नाहीत. इम्युनोग्लोब्युलिन हजारो रक्तदात्यांच्या प्लाझ्मापासून बनते आणि त्यांनी जमवलेल्या अँटिबॉडी त्या बाटलीतून मुलाच्या रक्तात येतात. त्यांचे प्रमाण निम्मे व्हायला सुमारे तीन आठवडे लागतात, त्यामुळे सलाइन बंद झाल्यावरही काही महिने अशा तपासण्यांवर विसंबता येत नाही. याच कारणाने प्रत्यारोपणानंतर सीएमव्ही किंवा ईबीव्हीची आयजीजी, म्हणजे अँटिबॉडीची, तपासणी करून काहीच हाती लागत नाही, तरीही ती लिहिलेली चिठ्ठी घेऊन पालक माझ्याकडे येतात. या मुलांत अँटिबॉडी न पाहता विषाणूचा डीएनए पाहावा, म्हणजे पीसीआर करावी. कारखाना सुरू झाला का, हे रक्तातल्या बी पेशी मोजून आणि सलाइन न देता आयजीजी टिकते का ते पाहून ठरवतात.

ॲडिनोव्हायरसबाबत आपल्या डॉक्टरांनी केले ते विचारपूर्वक केले. मोठ्यांपेक्षा लहान मुलांत हा विषाणू अधिक त्रास देतो, कारण त्यांच्या आतड्यांच्या लसिकापेशींत तो बऱ्याचदा आधीपासून दडलेला असतो. पहिल्यांदा शौचातला आकडा चढतो आणि तो चढत राहिला तर काही दिवसांनी रक्तात दिसतो, म्हणून शौचाची तपासणी हा आगाऊ मिळणारा इशारा आहे. अशा वेळी डॉक्टर लिम्फोसाइटच्या आकड्याकडे पाहतात. ते वाढत असतील आणि रक्तात विषाणू नसेल, तर थांबून पाहता येते, आणि आपल्याकडे तसेच झाले असणार. लिम्फोसाइट नगण्य असताना रक्तातला आकडा चढू लागला, तर सिडोफोविर देतात. हे औषध मूत्रपिंडाला जड असते आणि ते विषाणूला फार तर रोखून धरते. ॲडिनोव्हायरसचा खरा निकाल टी पेशी परत आल्यावरच लागतो. मला या विषाणूबद्दल एक विचित्र आदर वाटतो, कारण तो उतरला तर बहुधा मुलाच्याच हाताने उतरलेला असतो. काही मोठ्या केंद्रांत दात्याच्या रक्तातून त्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी वेगळ्या काढून मुलाला देण्याचे उपचार होतात, त्यामागचा विचारही हाच आहे.

प्रश्न : मी शाहूपुरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतो. प्रत्यारोपण झालेल्या मुलांचे नमुने आम्ही बाहेर पाठवतो. एकाच मुलाचा एकाच आठवड्यातला सीएमव्हीचा आकडा आमच्यामार्फत ९०० आणि त्याच्या रुग्णालयात ४,१०० आला, तेव्हा पालक आमच्यावर चिडले. चूक कोणाची?
– एक तंत्रज्ञ

उत्तर : बहुधा कोणाचीच नाही. आधी दोन्ही अहवालांत नमुना कोणता लिहिला आहे ते पाहावे. पूर्ण रक्तात पेशी असतात आणि सीएमव्ही पेशींत राहतो, त्यामुळे पूर्ण रक्ताचा आकडा प्लाझ्मापेक्षा सहसा मोठा येतो. मग एकक पाहावे. एका अहवालात ‘कॉपीज’ आणि दुसऱ्यात ‘आंतरराष्ट्रीय एकक’ असेल, तर त्या आकड्यांची थेट तुलना होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली सीएमव्हीसाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण नमुना उपलब्ध करून दिल्यानंतर हा गोंधळ कमी झाला, संपला नाही. वेगवेगळ्या कंपन्यांची किट विषाणूच्या डीएनएचा वेगवेगळा तुकडा पकडतात आणि त्यानेही फरक पडतो. पालकांना आपण एवढेच सांगावे की आलेख एकाच लॅबचा, एकाच नमुन्याचा ठेवावा. दोन लॅबचे ठिपके एका रेषेने जोडले तर नसलेली चढण दिसू लागते. कोल्हापुरात नमुना घेऊन तो महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईच्या त्याच लॅबला पाठवण्याचा एका कुटुंबाचा शिरस्ता पाहून मला सुरुवातीला हसू आले होते. आता मी इतरांनाही तसेच करायला सांगतो, फक्त नमुना किती वेळ आणि किती थंड टिकतो हे लॅबला आधी विचारून.

याच संदर्भात एचएचव्ही-६ या हर्पीस गटातल्या विषाणूविषयी आपल्या कानावर घालतो, कारण असा अहवाल कधी तरी आपल्या हातून जाईल. साधारण शंभरात एका माणसात या विषाणूचा संपूर्ण जनुकसंच त्याच्या स्वतःच्या गुणसूत्रात जन्मतःच जोडलेला असतो. असा माणूस दाता असला, तर त्याच्या पेशी रुजताच मुलाच्या रक्तात एचएचव्ही-६ चा आकडा लाखोंच्या घरात जातो आणि औषध दिले तरी तसूभर हलत नाही. तिथे विषाणू उठलेलाच नसतो. पेशी मोजल्या जात असतात. पांढऱ्या पेशी वाढतील तसा आकडा वाढताना दिसला, की दात्याचा जुना नमुना तपासून पाहावा.

प्रश्न : माझ्या नातवाचे प्रत्यारोपण होऊन पाच महिने झाले. सीएमव्ही तीन महिने निगेटिव्ह आहे. अंगात ताकद यावी म्हणून त्याला गंगावेशीतले धारोष्ण दूध द्यावे आणि चैत्रात जोतिबाला न्यावे, असे मनात आहे. नवस बोललेला आहे. दरम्यान धाकट्या सुनेला मुलगा झाला असून तेही याच घरात राहतात. बाळाच्या लसींचे नातवाला काही होईल का?
– एक आजोबा, मंगळवार पेठ

उत्तर : आजोबा, बाळाचे आधी सांगतो, कारण त्याला मुदत आहे. पोलिओचे तोंडी थेंब ही जिवंत लस आहे आणि तो विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडत राहतो. नातवाच्या टी आणि बी पेशी अजून कच्च्या आहेत, म्हणून बाळाला थेंबांऐवजी टोचून द्यायची पोलिओ लस द्यावी, आणि लसीकरणाला जाताना तिथल्या ताईंना घरात प्रत्यारोपण झालेले मूल आहे हे आधी सांगावे. पल्स पोलिओच्या दिवशी दारात आलेल्या कार्यकर्त्यांनाही तेच सांगा. थेंब आधीच दिले गेले असतील, तर नातवाला आणि बाळाला चार ते सहा आठवडे वेगळ्या खोल्यांत ठेवावे व बाळाची दुपटी बदलणाऱ्याने नातवाच्या जेवणाला हात लावू नये. रोटाव्हायरसची लसही तोंडी आणि जिवंत असते, तिथेही हात धुण्याची तीच काळजी. बीसीजीचे टोचणे बाळाकडून नातवाकडे जात नाही आणि घरातल्या इतर मुलांना गोवराची लस अवश्य द्यावी. ती त्यांच्याकडून पसरत नाही आणि घरात गोवर येण्याची वाटही बंद करते. खुद्द नातवाच्या लसी नव्याने सुरू कराव्या लागतील, कारण जुन्या लसींची आठवण जुन्या पेशींबरोबर गेली. टोचायच्या निर्जीव लसी सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान सुरू होतात. गोवरासारख्या जिवंत लसी किमान दोन वर्षे उलटल्यावर, दाबऔषधे बंद असतील आणि जीव्हीएचडी नसेल तरच देतात.

सीएमव्ही तीन महिने निगेटिव्ह असणे हे खरोखरच चांगले आहे, आणि त्या काळात औषध चालू नसेल तर नातवाच्या नव्या पेशी तो विषाणू ओळखू लागल्या आहेत असे मी म्हणेन. पण त्यांनी एका जुन्या, घरच्या विषाणूला ओळखले आहे. जत्रेच्या गर्दीतल्या फ्लूला, गोवराला किंवा कांजण्यांना तोंड देण्याची तयारी त्यावरून कळत नाही. कांजण्या झालेल्या मुलाशी गाठ पडली, तर त्याच दिवशी फोन करा. दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. जोतिबाच्या डोंगरावर चैत्र पौर्णिमेला गुलाल आणि धूळ किती उडते हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही, आणि बुरशीचे बीजकण अशा धुळीतूनच फुप्फुसात जातात. या चैत्रात नातवाच्या नावाने आपण एकट्याने जाऊन यावे. दाबऔषधे थांबल्यावर पुढे कधी तरी जत्रा सोडून एखाद्या साध्या दिवशी सकाळी लवकर त्याला न्यावे.

धारोष्ण दूध मात्र नाही. गंगावेशीच्या कट्ट्यावर समोर म्हैस पिळून फेसाळ पेला हाती देतात, तो मीही कॉलेजात असताना पुष्कळदा प्यायलो आहे आणि त्याची चव मला माहीत आहे. पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला, लिस्टेरिया आणि जनावरांचा क्षय येऊ शकतो, आणि त्यांना अडवणाऱ्या पेशींतही टी पेशीच पुढे असतात. म्हशीचे दूध हवे तर तेच घरी आणा, पातेल्यात पूर्ण उकळी येऊन वर येईपर्यंत तापवा, झाकून निववा आणि त्याच दिवशी संपवा. साय मुलाला खुशाल द्या. विरजण लावलेले घरचे दही केव्हापासून चालेल, हे त्याच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे, कारण केंद्राकेंद्रांत त्याविषयी वेगवेगळे नियम आहेत.